तबकडीवरची प्रियदर्शनी

विजयमालाबाई बोरगावे यांना स्वतःच्या मरणाची बातमी सख्ख्या भाच्यानं आणून दिली, आणि वर पेढ्यांचा बॉक्सही आणला.

रविवारची सकाळ होती. कोल्हापुरातल्या नागाळा पार्कात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाई एकट्याच राहतात. सकाळी केलेली आमटी दिवस मावळायच्या आत दोनदा खायची, झालं जेवण. यजमान दादासो जाऊन पाच वर्षं झाली, कबनूरचे माग विकले आणि मुलानं, चिरागनं, आईला इथं फ्लॅट घेऊन दिला. तो स्वतः कॅनडात. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, पण त्यातला निम्मा वेळ "आई, ऐकू येतंय का?" यातच जातो. दारावरची बेल वाजते ती गॅसवाल्यानं वाजवली तरच. त्यामुळं त्या सकाळी बेल वाजली आणि दारात आदर्श दिसला, तेव्हा बाईंना असा काही आनंद झाला की त्यांची एका पायातली चप्पल घालायचीच राहून गेली.

"आत्या, आधी तोंड गोड कर," आदर्श आत येत म्हणाला. "आईनं नाव काढलं बघ!"

आदर्शची आई, म्हणजे बाईंची वहिनी, जाऊन दोन वर्षं होत आली होती. भाऊ पारस त्याच्याही आधी गेला. पोरगं शाहूपुरीच्या घरात एकटंच राहतं, लग्नाचं काही जमत नाही, डोक्यावर परिणाम झाला की काय, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात त्यानं पिशवीतून एक मोठा चौकोनी पुठ्ठा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

एलपी रेकॉर्डचं कव्हर होतं ते, कोरं करकरीत, वर प्लॅस्टिक. रंकाळ्याच्या कठड्यावर तीन पोरं बसलीत, लांब कल्ले, पायघोळ पँटी. शेजारी एक पोरगी उभी, पण पाठमोरी, पाण्याकडं तोंड करून, कमरेपर्यंत शेपटा. वर ठसठशीत अक्षरात नाव, 'सातवी गल्ली'.

बाईंनी त्या पाठमोऱ्या पोरीच्या शेपट्यावर अंगठा फिरवला.

"ही पाठमोरी हाय न्हवं? ती आई!" आदर्शनं बोट ठेवलं. "हे बघ, मागं छापलंय. गायिका, प्रियदर्शनी मगदूम. आत्या, तुला म्हाईत हुतं?"

मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. पुण्यात आदिती म्हणून एक बाई आहेत, जुन्या विसरलेल्या तबकड्या हुडकून पुन्हा काढायच्या हाच त्यांचा उद्योग. त्यांना भंगारबाजारात ही एक तबकडी सापडली. त्यांनी ती इंटरनेटवर टाकली, तर जपान नि जर्मनीची माणसं वेडी झाली. ही कुठली पोरं, ही कोण गातीय, म्हणून पत्रं यायला लागली. आदितीबाई जुन्या कव्हरवरचा पत्ता हुडकत शाहूपुरीत आल्या. प्रियदर्शनी मगदूम इथंच राहतात का, म्हणाल्या. आदर्श म्हणाला, माझी आई ती, गेली. त्या तिथंच मटकन पायरीवर बसल्या. आणि आता तबकडी नव्यानं निघाली होती, आतल्या पानावर काळ्या चौकटीत 'कै. प्रियदर्शनी मगदूम यांच्या स्मृतीस' असं छापून.

आता मागचं सांगितल्याशिवाय इलाज नाही, कारण यात खोटं कुणीच बोललेलं नव्हतं आणि तरी सगळं चुकलेलं होतं.

ती पाठमोरी पोरगी म्हणजे विजयमालाबाईच. शाहूपुरीच्या मगदुमांची थोरली लेक, जन्मनाव प्रियदर्शनी. पंच्याऐंशी साली ती कॉलेजात होती आणि तिला नाद लागला होता गाण्याचा. गाणं म्हणजे शिकून गायचं तसलं नव्हे. राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, कव्हरवरच्या तिघांतल्या हंबीररावांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. सोमवारी गिरणी बंद, म्हणून सोमवारी तिथं जमायचं. हंबीरराव पिठाचे रिकामे डबे पालथे घालून बडवायचे, एकजण पेटीच्या वर मांडून छोटा कॅसिओ वाजवायचा आणि गिटारवर विजयसिंह. गाणी विजयसिंहच लिहायचा. सायकल पंक्चर झाली म्हणून मैत्रिणीला भेटायचं राहिलं, कॅन्टीनचा चहा गार झाला, असल्या विषयांवर. भावगीत म्हणावं तर तसं नाही, सिनेमातलं म्हणावं तर तसंही नाही. नव्या कव्हरवर त्याला 'इंडी-पॉप' म्हटलंय. तेव्हा गल्लीतली माणसं त्याला कालवा म्हणायची.

प्रियदर्शनीच्या वडिलांनी रेकॉर्डला परवानगी दिली ती एका अटीवर. पोरीचा आवाज जाऊ दे, तोंड दिसता कामा नये. म्हणून ती पाठमोरी. तीनशे तबकड्या निघाल्या आणि कोल्हापूरनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. उरल्यासुरल्या हंबीररावांच्या तालमीच्या पोरांनी गणपतीच्या आराशीत चक्रं म्हणून टांगल्या. हौस फिटली म्हणायची आणि गप बसायचं.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, कबनूरच्या बोरगाव्यांच्यात. आपल्यात कसं असतं, नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहायचं, साखर वाटायची, की पोरगी दुसरीच कुणीतरी झाली. सासूबाईंनी नाव ठरवलं विजयमाला. त्या दिवसापासून तिला प्रियदर्शनी म्हणणारं माणूस सासरी कुणी नव्हतंच. विजयसिंहला लग्नाची पत्रिकासुद्धा गेली नाही. तशी तंबीच होती घरातून, आणि ती का होती हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

इथपर्यंत चार घरांत घडतं तेच घडलं. खरी गंमत पुढं आहे, आणि ती आईनं केली. बाईंच्या आईला सगळी आक्का म्हणायची. लेक गेल्यावर आक्काला घर खायला उठायचं. दिवसातनं दहा वेळा "प्रियदर्शनी, अगं" म्हणून हाक मारायची आणि मग पदर डोळ्याला लावायची. दोन वर्षांनी पारसचं लग्न झालं, सून आली शालू नावाची. ताटात तांदूळ पसरले तेव्हा आक्का पुढं होऊन म्हणाली, "प्रियदर्शनीच लिव्ह. माझ्या तोंडात बसलंय नाव." पारसनं लिहिलं. झालं! शाहूपुरीच्या घरात पुन्हा प्रियदर्शनी मगदूम नांदायला लागली. माहेरी आलेल्या विजयमालेला स्वतःच्या नावानं मारलेली हाक ऐकू यायची आणि 'ओ' द्यायला दुसरीच बाई धावायची.

शालू बिचारी गुणाची होती. पहिल्याच दिवाळीत ती चुलीपाशी हळूच म्हणाली होती, "वन्सं, तुमचं नाव म्हंजे तुमचा ब्लाऊज घातल्यागत वाटतंय बघा. काखंत सैल हुतंय." दोघी पोट धरून हसल्या होत्या. पण हसून झाल्यावर विजयमालेला वाईट वाटलं होतं ते वाटलंच, आणि कुणाला सांगावं असं माणूसच नव्हतं.

तर आदर्श खोटं बोलला नव्हता. त्याच्या आईचं नाव खरंच प्रियदर्शनी मगदूम होतं. आणि आत्याला तो जन्मल्यापासून विजयमालाआत्या म्हणूनच ओळखत होता. तिचं आधीचं नाव काय, हे कुठल्या भाच्याला कधी विचारावंसं वाटतं?

"बाळा," बाई म्हणाल्या, "तुझी आई कधी गाणं म्हणताना ऐकलीस?"

"तेच की!" आदर्श पुढं सरकला. त्याचे डोळे भरून आले होते. "कधीच न्हाय. आरतीला पण नुसत्या टाळ्या वाजवायची. आत्या, मला वाटायचं आईनं आयुष्यात काय केलंच न्हाय. चूल, नि आक्काचं दुखणं, नि मी. दवाखान्यात शेवटचे दीड महिने तिच्या उशाला बसलो, तर बोलायला काय विषयच न्हवता आमच्यात. जेवलास का, एवढंच विचारायची. आणि बघ, हिनं रेकॉर्ड काढलीया! जपानमधली माणसं ऐकत्यात! आवाज जरा येगळा वाटतोय, पण तरुणपणी तसाच आसणार की."

बाई उठून ओट्यापाशी गेल्या. त्यांनी चहा केला, पेढा खाल्ला, भाच्याला निरोप दिला. तो ती तबकडी त्यांच्याकडं ठेवून गेला. "माझ्याकडं दुसरी हाय, आईच्या फोटोशेजारी लावली," म्हणाला.

मग बाईंनी कव्हरच्या आतली पुस्तिका काढली आणि चष्मा लावून वाचायला बसल्या. विजयसिंहनं लिहिलं होतं. तो आता गारगोटीला असतो, शाळेतून निवृत्त झालेला, चौघांतला तो एकटाच उरला, असंही त्यात होतं. प्रियदर्शनी गेल्याचं त्याला आदितीबाईंकडून कळलं होतं; ती कुठं दिली हे ठाऊक नव्हतं, मगदुमांच्यातच दिली असणार असं त्यानं धरलं होतं. "सोमवारी गिरणीतून बाहेर पडताना तिच्या केसांवर पीठ बसलेलं असायचं," त्यानं लिहिलं होतं. "ती म्हणायची, बघून ठेवा, म्हातारी झाल्यावर मी अशी दिसणार. ती म्हातारी झालेली मला बघायची होती. हे तिला सांगायचं राहून गेलं, आणि आता सांगायला ती नाही."

बाईंनी ते सात-आठ वेळा वाचलं आणि मग त्या रडल्या, अगदी हुंदके देऊन. एकोणचाळीस वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं ते कुणीतरी बोललं होतं, आणि ते मेलेल्या बाईला उद्देशून. असला संताप आला त्यांना! अरे मेल्या, जिवंत होते की मी, कबनूरला, तासाभराच्या वाटेवर. एसटीत बसून यायचं होतंस.

तीन दिवस त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी मात्र रिक्षा करून शाहूपुरीत गेल्या. शालूच्या हार घातलेल्या फोटोशेजारी कव्हर लावलेलं होतं. आदर्शनं खास पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर मागवला होता, त्यावर तबकडी फिरत होती.

"आदर्श, ऐक," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "ती मी हाय. माझं माहेरचं नाव प्रियदर्शनी हुतं. तुझ्या आईला ते आक्कानं नंतर दिलं. ही रेकॉर्ड निघाली तवा तुझी आई ह्या घरात आलीच न्हवती. सालं बघ की!"

आदर्शनं प्लेअरकडं बघितलं.

"हे ठक ठक वाजतंय न्हवं? पुस्तकात त्याला काय काय नावं दिल्यात, परदेशी वाद्य म्हणत्यात. पिठाचा डबा हाय तो, हंबीररावाचा. मला ठाऊक हाय कारण मी तिथं हुते."

आदर्शनं आईच्या फोटोवरचा हार सरळ केला. तबकडीवरचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग तो म्हणाला, आवाज न चढवता, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"आत्या, तुझं सगळं हाय. चिराग हाय, फ्लॅट हाय, कॅनडाला जाऊन आलीस. माझ्या आईचं मरणानंतर एवढं एक निघालं. ते पण तुला पायजे व्हय?"

सालं बघ, असं पुन्हा म्हणता आलं असतं. आक्काच्या पेटीतला शाळेचा दाखला काढून दाखवता आला असता. बाईंनी भिंतीवरच्या शालूकडं बघितलं. ती बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या नावात राहिली, तिला स्वतःचं नाव विचारणारंही कुणी राहिलं नव्हतं. ह्या पोराकडं तिची एक गोष्ट होती, तीही उसनी. आणि ती काढून घ्यायला आपण रिक्षा करून आलोय, हे बाईंना कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"न्हाय रे बाळा," त्या म्हणाल्या. "वय झालं आता, काय बी बोलते झालं. आईच हाय ती तुझी."

"मग असं का म्हणालीस?"

"मला पण वाटलं असावं आपलं काहीतरी," बाई म्हणाल्या. यात एक शब्द खोटा नव्हता. आदर्शनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि रविवारच्या कार्यक्रमाला यायचंच अशी शपथ घातली. आदितीबाईंनी कोल्हापुरात तबकडी ऐकायचा कार्यक्रम ठेवला होता. आणि विजयसिंह येणार होता.

आता खरं सांगायचं तर बाई त्या रविवारी एका आशेवर गेल्या, पण एक त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. आदर्शला दिलेला शब्द मोडायचा नाही, तोंडातून अक्षर काढायचं नाही. पण विजयसिंहनं बघून आपणहून ओळखलं, तर त्याला आपला काय इलाज? मग ते आपण सांगितलेलं नव्हे. हा हिशेब पोरकट होता, त्यांनाही तो कळत होता, तरी त्यांनी कपाटातली आंबा रंगाची साडी काढली आणि आरशापुढं जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

हॉल छोटा होता, स्टेशन रोडच्या अलीकडं, वरच्या मजल्यावर. पन्नासेक माणसं, बहुतेक तरणी, दाढीवाली पोरं, पाठीला सॅक लावलेल्या पोरी. त्यांतल्या काहींना गाणी पाठ होती. बाई मागच्या रांगेत बसल्या. विजयसिंह पुढं टेबलापाशी होता. टक्कल पडलेलं, अंगानं वाळलेला, शर्टाच्या खिशाला पेन. पण मान तिरकी करून ऐकायची सवय तीच. बाईंनी पदर सारखा केला, साठीत शोभत नाही इतक्यांदा.

आदितीबाई बोलायला उठल्या. "सुरुवातीला," त्या म्हणाल्या, "ज्यांच्या आवाजामुळं आपण इथं जमलोय, त्या कैलासवासी प्रियदर्शनी मगदूम यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उभा राहिला. विजयमालाबाई पण उठल्या. दुसरं करणार काय? बाकीचे माना खाली घालून उभे, तशाच त्याही मान खाली घालून स्वतःसाठी उभ्या राहिल्या. शेजारी आदर्श होता, त्यानं त्यांचा हात घट्ट धरला होता. बाईंनी शालूची आठवण काढायचा प्रयत्न केला. थोडी आली. बाकीचा वेळ त्या नुसत्या घाबरल्या होत्या, की हे सगळं खरंच असेल, आणि आपण गेल्याचं आपल्यालाच उशिरा कळत असेल.

मग तबकडी लावली. सुई टेकली, जरा खरखर झाली आणि वीस वर्षांची पोरगी गायला लागली. काय आवाज होता तो! स्वच्छ, बिनधास्त, कुणाच्या बापाला न भिणारा. बाईंनी स्वतःला असं मन लावून कधी ऐकलंच नव्हतं. लग्नानंतर त्यांचं आयुष्य मागाच्या खटखटीत गेलं. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर घसा फाडून ओरडावं लागतं, आणि पंचवीस-तीस वर्षं ओरडून त्यांचा आवाज जाड घोगरा झाला होता. पोरं टाळ्या वाजवत होती. बाईंना वाटलं, उठावं, खुर्चीवर चढावं आणि सांगावं. त्या बसून राहिल्या.

आदर्श आईबद्दल बोलला, छान बोलला. माणसांनी डोळे पुसले.

कार्यक्रम सुटल्यावर विजयसिंह स्वतःहून आदर्शकडं आला. त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या आईसारखी आमच्यात कोणी नव्हती, बाळ." आदर्शनं मान हलवली आणि बाजूला होऊन म्हणाला, "ही माझी आत्या. आईची नणंद."

विजयसिंहनं नमस्कार केला. बाईंनी चष्मा काढला, पुसायचं निमित्त केलं, आणि तोंड वर करून उभ्या राहिल्या. बघ, त्या मनात म्हणाल्या. दिला तुला वेळ, बघ नीट. त्यानं बघितलंही. परक्या बाईकडं बघावं तसं, अदबीनं, जरासं हसून.

"एक विचारू का बाई?" तो म्हणाला. "तुम्ही घरातल्या, तुम्हाला ठाऊक असणार. लग्नानंतर ती गायची का? कामं करताना, असंच आपलं?"

"न्हाय," बाई म्हणाल्या.

"एकदासुद्धा नाही?"

"एकदा पण न्हाय."

विजयसिंहचा चेहरा पडला. "का हो? तिनं सोडूनच दिलं?"

"सोडलं न्हाय," बाई म्हणाल्या. "कुणी म्हण म्हणालंच न्हाय तिला."

विजयसिंहनं खिशाचं पेन काढलं आणि पुन्हा खिशालाच लावलं. मग त्यानं पुन्हा एकदा हात जोडले, गारगोटीची एसटी चुकेल म्हणाला, आणि कठड्याला धरून एक-एक पायरी जिना उतरून गेला.